पऱ्हाटीची पाठवणी

गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या हातातल्या पासवर ‘जैवइंधन’ असं लिहिलं होतं आणि त्याच्यासमोर वरात उभी होती. ट्रॅक्टरच्या बॉनेटला झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना आंब्याचे डहाळे, मागे ट्रॉलीवर हिरवी ताडपत्री आणि ताडपत्रीच्या कडेने दाटीवाटीने बसलेल्या बाया. एकीच्या हातात ताट होतं आणि ताटात चक्क निरांजन जळत होतं.

“पिंपळशेंडे साहेब, हे तुमचंच का?” रक्षकाने विचारलं.

“दिवा विझवा आधी!” मी धावत सुटलो. “इथं सगळीकडे कोळशाची भुकटी आहे!”

ट्रॉलीतून एक बाई उतरल्या. उंच, सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मागे वळून म्हणाल्या, “इझवा वं बाई. साहेब म्हनते तं इझवा. त्यायचं राज्य हाय.”

या अनसूयाबाई आसुटकर. खैरगावच्या बचत गटाच्या अध्यक्ष, आमच्या वीज केंद्राला कांड्या पुरवू बघणाऱ्या उद्योजक आणि माझ्या सख्ख्या सासूबाई. यातलं तिसरं नातं त्यांनी तेव्हा मान्य केलेलं नव्हतं.

आता आमच्याकडे असे ट्रॅक्टर रोज येतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. पण तो पहिला दिवस होता. कोळशाच्या बॉयलरमध्ये पऱ्हाटी जाळायची, ही कल्पना तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये विनोद म्हणून सांगितली जायची. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात, ती पऱ्हाटी. शेतकरी ती उपटून बांधावर पेटवून देतात आणि सगळा धूर आकाशात जातो. तीच पऱ्हाटी दळून, दाबून, खडूएवढ्या कांड्या केल्या आणि कोळशात थोड्या मिसळल्या, तर तेवढा कोळसा वाचतो. कागदावर हे इतकं सोपं होतं की मला रात्री झोप लागत नसे, इतका मी त्यावर खूश होतो.

आमच्या लग्नाचं सांगायला हवं. वनिता आणि मी सहा वर्षांपूर्वी रजिस्टर लग्न केलं, कारण दोन्ही घरांत जात आडवी आली होती. माझ्या घरचे वर्षभरात निवळले. तिच्या आईने मात्र दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं. वनिता एरवी खंबीर बाई, शाळेत गणित शिकवते, पोरं तिला टरकून असतात. पण कधीतरी भाजी निवडता निवडता म्हणायची, “आईच्या पेटीत माझा खण आहे. जांभळा, मोरपंखी काठांचा. मी दहावी पास झाले तेव्हा घेतला होता तिनं, माझ्या ओटीसाठी. तो काही मला मिळायचा नाही आता.”

“दुसरा घेऊ,” मी म्हणायचो.

“तुम्हाला काही कळत नाही,” ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

मग एक दिवस केंद्राने कांड्यांच्या नमुन्यांसाठी आवाहन केलं. माझ्या टेबलासमोर येऊन एका बाईंनी कापडी पिशवी ठेवली. मी वर बघितलं आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. त्यांनाही मी तिथे असेन हे ठाऊक नव्हतं. पण अनसूयाबाईंनी क्षणभरच ओठ दाबले आणि म्हणाल्या, “खैरगावच्या बाया आहो आमी. पऱ्हाटीच्या कांड्या करतो. पाहून घ्या साहेब.”

तेव्हापासून मी साहेब. वर्षभर आमचं बोलणं झालं ते ओलावा, राख आणि भुकटी यांच्याबद्दल. संध्याकाळी घरी आलो की वनिता दारातच विचारायची, “आई आली होती? काय म्हणाली?”

“ओलावा किती टक्के चालतो म्हणाली.”

“आणखी?”

“राखेबद्दल विचारलं.”

वनिता मान हलवायची आणि कुकर लावायची.

बायांनी मशीन बसवलं तेव्हा गावातले लोक पारावर बसून हसले होते. ‘आसुटकरीण आता वीज बनवते’ म्हणत. अनसूयाबाईंनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं, की या वर्षी खैरगावच्या एकाही बांधावर पऱ्हाटी जळणार नाही, सगळी वीज केंद्रात जाईल. गावाने ऐकलंही. सगळ्या शेतांतली पऱ्हाटी त्यांच्या शेडसमोर डोंगरासारखी येऊन पडली होती. चाचणी फसली असती तर तो डोंगर तिथेच राहिला असता आणि त्या बाईंना गावात मान वर करता आली नसती. माझ्यामुळे एकदा ती खाली गेलीच होती.

“चला, आत घ्या ट्रॅक्टर,” मी म्हणालो.

ट्रॅक्टर चालवत होते माझे सासरे, दौलतराव. अबोल माणूस. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे किंचित मिटले, म्हणजे आमच्यात तो नमस्कार झाला. मागे आणखी ट्रॅक्टर रांगेत होते, पण नटवलेला हा एकच.

कोळसा क्रशरमधून जातो, पण कांड्यांना त्याची गरज नव्हती. म्हणून त्या पुढच्या एका नरसाळ्यासारख्या हॉपरमध्ये थेट टाकायच्या आणि पट्ट्यावरच्या कोळशात मिसळून वर बंकरमध्ये, म्हणजे मिलच्या वरच्या कोठारात न्यायच्या, असं ठरलं होतं. हॉपरवर लोखंडी जाळी होती, पण ती कोळशाच्या ढेकळांसाठी केलेली, ऐसपैस भोकांची. ट्रॉली हॉपरला लागली. बाया उतरल्या, ताडपत्री निघाली आणि पिवळसर तपकिरी कांड्यांचा ढीग उन्हात चमकला. ताज्या फोडलेल्या लाकडासारखा वास आला.

“थांबा जी थोडं,” अनसूयाबाई म्हणाल्या. त्या एकट्याच ट्रॉलीवर चढल्या, आमच्याकडे पाठ करून ढिगावर वाकल्या. हळदकुंकू वाहत असतील, असं मला वाटलं. खाली बाया काहीतरी गुणगुणत होत्या. एकीने पदर डोळ्यांना लावला.

“ह्या रडतायत का?” मी सासऱ्यांना हळूच विचारलं.

दौलतरावांनी खांदे उडवले. “बायायचं काम हाय ते.”

अनसूयाबाई उतरल्या. ट्रॉली उचलली गेली आणि कांड्या खळखळत हॉपरमध्ये गेल्या. मी टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानेच वाजवल्या, पण जोरात वाजवल्या.

कंट्रोल रूममध्ये मुख्य अभियंता नेरकर साहेब हात मागे बांधून उभे होते. बॉयलरवर त्यांचा जीव, आणि माझ्या कल्पनेवर अजिबात नाही. आधीच्याच आठवड्यात त्यांनी मला ऐकवलं होतं, “पिंपळशेंडे, हा बॉयलर आहे. चूल नाही.”

“साहेब, चूलच आहे. फक्त मोठी,” असं मी म्हटलं होतं. त्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर अजून होता.

अट सरळ होती. ‘ई’ नंबरच्या मिलला दिवसभर कांड्या मिसळलेला कोळसा द्यायचा. मिल तो दळून भुकटी करणार आणि ती भुकटी बॉयलरमध्ये जळणार. संध्याकाळी विजेची मागणी वाढते, तोपर्यंत मिल न अडखळता चालली तर नेरकर साहेब सही करणार आणि खैरगावच्या कांड्या कायमच्या सुरू. अडखळली, तर विषय बंद. राखीव ‘एफ’ मिल दुरुस्तीसाठी उघडून पडली होती, त्यामुळे ‘ई’ बंद पडली तर वीजनिर्मितीच कमी होणार होती. आमच्या खात्यात त्याहून मोठं पाप नाही.

डेस्कवर शाहीन काझी होती. माझ्याच बॅचची, हुशार आणि जिभेची तिखट.

“फीडर सुरू करते,” ती म्हणाली. “पिंपळशेंडे, सासरवाडीची अब्रू माझ्या हातात आहे. समोसे लागू.”

“दोन प्लेट!”

फीडर म्हणजे बंकरमधला माल मोजून मिलमध्ये सोडणारा छोटा पट्टा. तो फिरला. मिलचा आवाज जरा मऊ झाला. आम्ही सगळे ज्वाळेच्या पडद्याकडे बघत होतो. भट्टीतल्या कॅमेऱ्यात आग नेहमी पांढरट दिसते. ती क्षणभर थरथरली, मग रुंदावली आणि काठाकाठाने केशरी झाली.

“पेटली!” मी ओरडलो. “शाहीन, पऱ्हाटी पेटली!”

“दिसतंय मला. कानात ओरडू नकोस.” पण तीही हसत होती. आकडे जागच्या जागी होते. निर्मिती तसूभर हलली नव्हती. नेरकर साहेब पुढे वाकून बघत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं. मला नाचावंसं वाटत होतं. मी वनिताला फोन लावला.

“पेटली!”

“खरंच?” तिच्यामागे वर्गाचा गलका होता. “आई काय म्हणाली?”

“दिवा विझवा म्हणाली.”

“एवढंच?”

“आज एवढंच पुरे गं. दिवस आहे अजून.”

दुपार होईपर्यंत मी कॅन्टीनमध्ये दोनदा जाऊन आलो. बाया तिथे बसल्या होत्या, डबे सोडून. चांगलं चाललंय, असं मी सांगितलं की सगळ्या एकदम हसायच्या. अनसूयाबाई मात्र प्रत्येक वेळी एकच विचारायच्या. “पहिल्या टालीचा माल गेला का जी आत?”

“जातोय. थोडा गेला, थोडा जाईल.”

“जयला म्हंजे सांगा.”

‘जळला की सांगा’ हे मला विचित्र वाटलं, पण उत्साहाच्या भरात मी विसरून गेलो. समोशांची ऑर्डर देऊन मी कंट्रोल रूममध्ये परतलो आणि दार उघडतो तोच अलार्म वाजला.

“फीडरच्या पट्ट्यावर माल नाही,” शाहीन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “पट्टा फिरतोय, वरून काही येत नाही. बंकरचं तोंड चोंदलंय.”

“बघा,” नेरकर साहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. “तुमच्या कांड्या फुगल्या आणि चिकटल्या. मी हेच सांगत होतो.”

“साहेब, त्या कोरड्या आहेत. मी स्वतः तपासल्यात.”

“मिलचं तापमान वाढतंय,” शाहीन म्हणाली. “गरम हवा कमी करते.”

इथे खरा धोका होता. माल येणं थांबलं की मिलमध्ये उरलेली भुकटी तापत जाते. कोळसा थोडा दम धरतो. पऱ्हाटी धरत नाही. मिलच्या आत पेट घेतला तर चाचणी सोडाच, मिलच जायची.

“मिल ट्रिप करा. बंदच करा,” नेरकर साहेब म्हणाले.

“साहेब, मला खाली जाऊ द्या. तोंड उघडून बघतो. तापमान वर गेलं तर शाहीन ट्रिप करेल, मी विचारणारही नाही.”

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. “पळा.”

मी पळालो. जिने उतरताना माझं हेल्मेट दोनदा डोळ्यांवर आलं. फीडरपाशी आमचा फिटर टेकाम आधीच घण घेऊन उभा होता. त्याने पाइपवर घण घातला. ठण्ण. काही सरकलं नाही. पुन्हा घातला. आतून भरीव, बोदा आवाज आला.

“साहेब, हे कांड्याचं चोंदणं नोहे,” टेकाम म्हणाला. “आतमंदी काई तरी गोल हाय.”

“दगड?”

“दगड वाजते. हे वाजून नाई राह्यलं.”

आम्ही वरचं आणि खालचं झाकण बंद केलं, हवा तोडली आणि तपासणीचं दार उघडलं. काळी भुकटी अंगावर आली. टेकामने आत सळई घातली, मी त्याच्या कमरेला धरून मागे ओढत होतो. वॉकीटॉकीवर शाहीनचा आवाज येत होता, “वाढतंय अजून. हळू वाढतंय, पण वाढतंय. काय करताय तुम्ही दोघं?”

“खेच, टेकाम!”

“खेचून राह्यलो नं!”

सळईचा आकडा कशात तरी अडकला. टेकामने झटका दिला. दारातून एक काळं गाठोडं निसटलं आणि धप्पकन माझ्या बुटावर पडलं. त्याच्यामागून कोळसा आणि कांड्या मोकळ्या होऊन भसाभस वाहिल्या.

टेकामने वाकून गाठोडं उचललं. गाठ सैल झाली होती. आत हळकुंड होतं, सुपारी होती, मूठ-दोन मूठ तांदूळ होते आणि एक सोललेला, शेंडी राखलेला नारळ होता. टेकामने घण खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

“हे काय आहे?” मागून आवाज आला. नेरकर साहेब स्वतः खाली उतरून आले होते.

“नारळ, साहेब,” मी म्हणालो.

“ते दिसतंय मला!”

मला सगळं एका क्षणात कळलं. ताट, झेंडू, पदराने पुसलेले डोळे, पाठमोऱ्या वाकलेल्या सासूबाई. त्यांनी कांड्यांची ओटी भरून पाठवणी केली होती. मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता.

“परकी वस्तू,” नेरकर साहेब म्हणाले. “अट वाचलीय ना तुम्ही? इंधनात परकी वस्तू सापडली तर माल नाकारायचा.”

वॉकीटॉकीवर शाहीन म्हणाली, “साहेब, कोळशाच्या वॅगनमधून आला असेल. वॅगनची कुणी पूजा केली असेल.”

खोटं किती सोपं होतं. नेरकर साहेबांनाही ते मान्य करून टाकता आलं असतं. पण माझं डोकं गरम झालं होतं.

“वॅगनमधून नाही आला साहेब. कांड्यांबरोबरच आला. पण गेल्या पावसाळ्यात कोळशातून काय निघालं होतं? खाणकामगाराचा गमबूट! त्याआधी अख्खं फावडं. तेव्हा आपण कोळसा नाकारला का? बूट काढला आणि मिल लावली. कांड्या चिकटल्या नाहीत साहेब. या बघा.” मी मूठभर कांड्या त्यांच्यापुढे धरल्या. कोरड्या, कडक, एकमेकींवर खळखळणाऱ्या. “यांचा काय दोष?”

त्यांनी एक कांडी घेतली आणि बोटांनी मोडली. कट्‌कन आवाज आला.

“आधी फीडर लावा,” ते म्हणाले. “भांडण नंतर.”

टेकामने दार लावलं. मी झाकणं उघडली. “शाहीन, सोड!” पट्टा फिरला, माल पडला, मिलने घास घेतला. आम्ही तिघे वॉकीटॉकीकडे बघत होतो, जणू काही आवाजाआधी तिच्यात काही दिसणार होतं.

“थांबलं,” शाहीन म्हणाली. मग, “उतरतंय. उतरतंय! मिल सावरली!”

मी टेकामला मिठी मारली. तो आधीच काळा होता, मग मीही झालो.

नेरकर साहेब वर गेले. मी गाठोडं घेऊन नळाशी आलो, नारळ धुवावा म्हणून. पाण्याची धार कापडाच्या कोपऱ्यावर पडली आणि काळं वाहून गेलं. खाली जांभळा रंग होता. मी अंगठ्याने आणखी थोडं चोळलं. मोरपंखी काठ वर आला.

मी नळ बंद केला. मला पुढे धुवायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागायची वेळ झाली, मागणी चढली, बॉयलर पूर्ण ताकदीने गर्जत होता आणि ‘ई’ मिल मुकाट्याने दळत होती. शाहीनने समोसा हातात धरून जाहीर केलं, “चाचणी पूर्ण.” मी टाळ्या वाजवल्या. या वेळी सगळ्यांनी वाजवल्या.

नेरकर साहेबांनी मात्र सही केली नाही. “त्या बाईंना बोलवा,” ते म्हणाले.

अनसूयाबाई आल्या. कंट्रोल रूमच्या गारठ्यात पदर खांद्यावरून घेऊन उभ्या राहिल्या. टेबलावर नारळ होता. त्यांनी तो बघितला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला.

“पोचला नाई का जी?” त्यांनी मला विचारलं.

“हा तुम्ही ठेवलात?” नेरकर साहेब म्हणाले.

“म्या ठेवला.”

“का?”

“लेक सासरी जाते तं रिकाम्या ओटीनं पाठवत नाई साहेब.”

“लेक? या कांड्या?”

“मंग काय! पेरली आमी. निंदली आमी. कापूस येचला, मंग हातानं उपटली. इतके साल बांधावर नेऊन जाळत होतो. आता पयल्यांदा चांगल्या घरी चालली. तिले तशीच पाठवू काय?”

शाहीन पडद्याकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते, हसून की कशाने ते कळत नव्हतं.

“तुमच्या ओटीने माझी मिल बंद पडली असती,” नेरकर साहेब म्हणाले.

“चुकलं साहेब. आमाले वाटलं, आग हाय, जयून जाईल. मधात एवढा बारीक रस्ता असंल, हे नाई ठाऊक.” त्या जरा थांबल्या. “शिक्षा करा तं मले करा. बाकीच्या बायायचा माल चांगला हाय.”

साहेबांनी पेन काढलं. “पिंपळशेंडे, त्या हॉपरवर उद्या बारीक जाळी बसवा. आणि गेटवर एक पाट ठेवा. ओटी भरायची ती गेटवर, हॉपरमध्ये नाही.” त्यांनी सही केली. मग नारळ उचलून अनसूयाबाईंच्या हातात दिला. “हा तुमचा.”

बाहेर येताच बायांनी जो गलका केला, तो चिमणीच्या टोकापर्यंत गेला असेल. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवून वाजवून दौलतरावांनी बॅटरी उतरवली. मी अनसूयाबाईंना बाजूला घेतलं आणि खिशातून तांदूळ-सुपारीसकट बांधलेला तो अर्धा काळा, अर्धा जांभळा खण काढला.

“हा पेटीतला आहे,” मी म्हणालो.

त्यांनी तो घेतला नाही. बघत राहिल्या. “तिनं सांगतला?”

“नेहमी सांगते.”

“त्या वक्ती तिची ओटी नाई भरली,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “मंग इतके साल कोन्या तोंडानं जाऊ? दारात उभी राहून काय म्हनू? म्हटलं, पऱ्हाटीसंगं पाठवतो. तुमच्या बॉयलरात जयंल, त्याची वीज होईल, तारेतून तिच्या घरी जाईल. तिचा लाईट लागंल. तिले नाई कयलं तरी चालंल, पोचलं तं पाह्यजे.”

मी खण त्यांच्या हातात ठेवला.

“नाही पोचलं,” मी म्हणालो. “मधेच अडकलं. आता हातानेच द्यावं लागेल. आमचं क्वार्टर त्या टाकीच्या मागे आहे.”

त्या चालत निघाल्या. मी मागे.

वनिताने दार उघडलं. ती शाळेतून उशिरा, नुकतीच आली होती, खडूचे हात अजून धुतले नव्हते. आईला बघून तिने दाराची कडीच धरली. मग अनसूयाबाई आत आल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “पाट कुठी हाय?”

पाट नव्हता आमच्याकडे. मी प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. वनिता त्यावर बसली. ती पंजाबी ड्रेसमध्ये होती, पदर नव्हता, म्हणून तिने पिवळी ओढणी पसरली. अनसूयाबाईंनी तिला कुंकू लावलं. मग त्या ओढणीत घणाचे घाव सोसलेला नारळ ठेवला, भुकटीने माखलेले तांदूळ घातले आणि वर तो खण ठेवला. ओढणी काळी झाली.

वनिता रडत होती आणि हसतही होती. “आई, धुवायचा तरी होता गं.”

“धुतला असता तं नवा आनला समजली असतीस.”

बाहेर दिवस मावळला होता. खोलीत एकमेकींचे चेहरे नीट दिसेनासे झाले होते आणि मी दाराशी तसाच उभा होतो. सासूबाईंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“जवाईबुवा,” त्या म्हणाल्या, “लाईट लावा नं. पाहू द्या मले मायी लेक.”

मी बटण दाबलं.